नाताळची तयारी: आधी लूक उघडा, मग कढई चढवा

तीन वर्षांपूर्वीची 24 डिसेंबरची रात्र. देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) मध्यरात्रीची भक्ती चालू, सगळे डोळे मिटून प्रार्थनेत, आणि मी मनातल्या मनात शेजारीपाजारी पाठवायची फराळाची ताटं मोजतेय, की बी विंगला किती झाली, वॉचमनकाकांचं राहिलं का, करंज्या पुरतील का. प्रार्थना संपली, सगळे "आमेन" म्हणाले आणि माझ्या तोंडातून स्पष्ट आवाजात "सव्वीस" गेलं. शेजारच्या मावशींनी चष्म्यावरून बघितलं फक्त. घरी येताना रिक्षात हसू पण आलं आणि रडू पण, कारण महिनाभर मरमर करून मी ज्याच्यासाठी हे सगळं करत होते त्याच्याच वाढदिवसाला माझं लक्ष करंज्यांत होतं.

तेव्हापासून मी एक पद्धत लावून घेतलीये आणि ती जमतेय, म्हणून लिहितेय. पद्धत अगदी सोपी आहे. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचे अध्याय बरोबर 24 आहेत. 1 डिसेंबरपासून रोज एक वाचायचा, 24 ला संपतो. हे बरेच जण करतात, नवीन काही नाही. पण मला दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की तारीख आणि अध्याय जुळवले तर घरातली कामं आणि वाचन एकमेकांच्या आड येत नाहीत, उलट त्या दिवशीचा अध्यायच सांगतो आज काय करायचं ते. सगळे दिवस जुळत नाहीत, ओढूनताणून जुळवू पण नका. पण जे जुळतात ते असे जुळतात की बस.

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे दिवस, मात्र त्याच्या आधी सुरू होऊ शकतो हे लक्षात ठेवा. नाताळच्या आधीचे चार रविवार धरायचे, त्यामुळे पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामधे कधीही येतो. आमच्याकडे त्या दिवशी स्टीलच्या थाळीत चार मेणबत्त्या लावतो, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, गुलाबी तिसऱ्या रविवारची, आणि मधे एक पांढरी जी 24 च्या रात्रीच पेटते. जांभळी मिळाली नाही तर पांढरीला जांभळी रिबीन गुंडाळा, कोणी काही म्हणत नाही. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असं वाढवत जायचं. पोरांना काड्या ओढायला मिळतात म्हणून ती धावत येतात, मग तेवढ्यात एक उतारा वाचून घ्यायचा. यशया 9, यशया 11, मीखा 5, हे तीन पुरे. आगमनकाळाचं कॅलेंडर विकत घेऊन त्यातलं रोज एक चॉकलेट देण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत, माझ्या मुलाचं नाही.

पहिल्या आठवड्यात कढईला हात लावू नका. खरंच. लूकचा पहिला अध्याय 80 वचनांचा आहे, वीस मिनिटं जातात, आणि त्यात जखऱ्या याजकाची वाचा जाते ती त्याचं बाळ होईपर्यंत येतच नाही. मला तो भाग नेहमी वाटतो की देवाने आधी याजकालाच गप्प केलं. तर पहिल्या आठवड्यात मी एवढंच करते, सकाळचा पहिला चहा मोबाईल न घेता घेते. दहा मिनिटं. ऐकायला काहीच नाही, करायला गेलात की कळेल, तिसऱ्या मिनिटाला हात आपोआप चार्जरकडे जातो.

व्यवहारात या आठवड्यात दोनच कामं. एक यादी आणि एक चक्कर. यादी म्हणजे सामानाची नाही, माणसांची. कोणाला ताट, कोणाला नुसता फोन, कोणाकडे जाऊन बसायचं. चक्कर पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीची, केकचे डबे, बटर पेपर, पॅकिंगचे बॉक्स तिथे एका फेरीत होतात. दुपारी दोनच्या सुमारास जा आणि गाडी लांब लावून चालत जा, आत गाडी घातलीत तर नाताळ तिथेच साजरा होईल. स्टार आणि लाईटच्या माळांसाठी कॅम्पात जायचं असेल तर तेही 15 च्या आत उरका, कारण शेवटच्या आठवड्यात एमजी रोडवर पाय ठेवायला जागा नसते आणि 24 ला संध्याकाळी तर वाहतूकच वळवतात. गेल्या वर्षीचा स्टार माळ्यावरून काढून आधी पेटतो का बघा, निम्म्या वेळा फक्त बल्ब गेलेला असतो आणि आपण नवा घेऊन येतो.

8 तारखेला पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, येतो. त्या दिवशी मला एकदा फार सुचलं आणि मी गोठ्यासाठीचे, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठीचे, गहू त्याच दिवशी पेरले. 24 पर्यंत ते एवढे वाढले की लोळले, मेंढरं दिसेनात, योसेफ पण दिसेना. गहू किंवा नाचणी 14-15 ला पेरा. घटस्थापनेला घालतात तसंच, रात्रभर भिजवून पसरट कुंडीत नाहीतर जुन्या परातीत मातीवर पसरायचे, वर पातळ माती, पाणी हाताने शिंपडायचं, ओतायचं नाही. डिसेंबरच्या थंडीत पुण्यात जरा सावकाश येतात, म्हणून रात्री परात घरात घ्या. दहा दिवसांत हिरवंगार गवत तयार होतं आणि प्लास्टिकच्या हिरव्या कागदापेक्षा शंभरपट छान दिसतं. गोठा मांडला तरी गव्हाणी 24 च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची, बाळ नंतर. आणि बाळाला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांना गोठ्यात लगेच उभं करू नका, ते लांबून येतायत. आमचे फ्रिजवरून निघतात, रोज थोडे सरकतात, मुलं सरकवतात, एकदा एक ज्ञानी डाळीच्या डब्यात सापडला.

आता 10 तारीख. फराळ सुरू करायचा दिवस, आणि वाचायला काय, तर मार्था आणि मरीया, प्रभू घरी आलेला, मरीया ऐकत बसलेली आणि मार्था कामात बुडून तक्रार करणारी. पहिल्यांदा हे जुळलेलं बघितलं तेव्हा मी बायबल मिटवून किचनमधे जाऊन उभी राहिले. मार्थेला प्रभू रागावतो असं सगळे सांगतात, मला तसं वाटत नाही, तो तिला दोनदा नावाने हाक मारतो, माझी आजी आईला मारायची तशी, काळजीने. तिचं काम त्याने वाईट म्हटलं नाही, तिची दगदग बघितली. म्हणून मी कामं कमी केली नाहीत, पदार्थ कमी केले. आधी नऊ करायचे, आता चार. करंज्या, शंकरपाळी, नानकटाई, केक. चकली विकत. अनारसे जिला जमतात तिच्याकडून. सुरुवातीला जीव तुटला, सासूबाई काय म्हणतील वाटलं, त्या म्हणाल्या मला मेलीला अनारसे कधी आवडलेच नाहीत.

शंकरपाळीचं प्रमाण वाटीचं, एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप, कोमट करून साखर विरघळवायची आणि गार झाल्यावर मावेल तेवढा मैदा. मंद आचेवर तळा. नानकटाई मी अजून बेकरीत नेऊन भाजून आणते, जुन्या पद्धतीने, किलोभर मैद्याला पाऊण किलो पिठीसाखर आणि पाऊण किलो तूप, वेलची, चिमूटभर मीठ आणि सोडा. बेकरीवाल्याला आधी विचारून दिवस ठरवा आणि पत्र्यांवर नाव चिकटवा. एका वर्षी आमचे पत्रे बदलले आणि घरी कोणाची तरी जिऱ्याची बिस्किटं आली, चार किलो, आम्ही फेब्रुवारीपर्यंत खाल्ली. बेकरीत नंबर लागेपर्यंत तास-दीड तास बसावं लागतं, तो वेळ फुकटचा समजू नका. मी तिथे प्रार्थनेची यादी घेऊन बसते. माणसांची जी यादी केली होती तीच. एकेक नाव, एकेक वाक्य, मनातल्या मनात. मैद्याचा वास, भट्टीची ऊब, बाहेर स्कूटरी. देवळात लागत नाही असं लक्ष लागतं कधीकधी.

केकसाठी सुकामेवा भिजवायचा प्रश्न दरवर्षी महिला मंडळात भांडणापर्यंत जातो. रममधे भिजवणारे महिना-महिना आधी भिजवतात. आमच्या घरात दारू आणत नाहीत, त्यामुळे मी संत्र्याच्या रसात भिजवते, पण मग ते फ्रिजमधे ठेवावं लागतं आणि दोन दिवसांच्या वर नाही, आंबतं. रंग येतो तो जळकी साखर केल्यामुळे, साखर जाड बुडाच्या भांड्यात कोरडीच वितळवायची, गडद तपकिरी झाली की गॅस बंद करून गरम पाणी घालायचं, गरमच, आणि हात लांब ठेवून, कारण ते उसळतं. रममधल्या फळांचा केक आठ-दहा दिवस आधी करून गुंडाळून ठेवतात, पण रसातल्या फळांचा असेल तर 22-23 लाच करा.

14 ला जे येतं ते मला सगळ्यात अवघड गेलं. जेवण करशील तेव्हा परतफेड करू शकतील त्यांना बोलवू नकोस, गरिबांना बोलाव. आणि आपण नेमके ताटं पाठवतो ती ज्यांची दिवाळीला ताटं आली त्यांना. परतफेडीचा धंदाच की. मी शेजाऱ्यांचं ताट बंद केलं नाही, करू पण नये. ज्या गुरुवार पेठेत मी वाढले तिथल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधे 1890 साली चहाचा कप पुढे आला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं, प्रायश्चित्ताचा घोळ झाला, आणि त्याच पेठेत आमच्या लहानपणी कुलकर्णी काकू आमच्या करंज्यांची वाट बघायच्या आणि कधी उशीर झाला तर स्वतः डबा घेऊन यायच्या. हे साधं नाही. ताट जाऊ दे. पण यादीत तीन नावं अशी घाला की जिथून काही परत येणार नाही. कचरा नेणारा मुलगा, कोपऱ्यावरची इस्त्रीवाली, सोसायटीत एकटे राहणारे आजोबा ज्यांचा मुलगा परदेशात आहे. आणि त्यांना उरलेलं नाही, पहिल्या घाण्यातलं.

अनाथाश्रम-वृद्धाश्रमात जायचं असेल तर एक विनंती, 25 ला नका जाऊ. त्या दिवशी तिथे केकवर केक येतात, मुलं फोटोला उभी राहून दमतात. आधी फोन करून विचारा काय लागतं. बऱ्याचदा उत्तर तूरडाळ, डायपर, साबण असं येतं. आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात जा, तेव्हा कोणी नसतं.

15 तारीख उधळ्या मुलाची, तो सगळं उडवून घरी परततो, बाप मेजवानी देतो आणि थोरला भाऊ रुसतो. पाळकसाहेब दरवर्षी सांगतात की घर झाडता तसं मन झाडा, आणि आम्ही दरवर्षी मान डोलावतो. झाडायचं म्हणजे नक्की काय ते कोणी सांगत नाही. माझ्यापुरतं सांगते. माझ्या मोठ्या जाऊबाई आणि मी दोन वर्षं बोलत नव्हतो. सासऱ्यांच्या आजारपणातल्या पैशांवरून झालं होतं, चूक दोघींची, असं मी आज म्हणते, तेव्हा नव्हते म्हणत. प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायची मी, पण "त्यांना सुबुद्धी दे" असं. दाखला वाचला, आणि मला कळलं की मी घरी राहिलेला थोरला भाऊ आहे, जो अंगणात फुगून उभा आहे. फोन हातात घेऊन पाऊण तास बसले. माफी मागायची वाक्यं पाठ केली, सगळी खोटी वाटली. शेवटी लावला आणि तोंडातून आलं, "वहिनी, सारणात खसखस किती घालता तुम्ही?"

बराच वेळ काही नाही. मला टीव्हीचा आवाज ऐकू येत होता त्यांच्याकडचा. मग, "भाजून घेतेस ना आधी?"

"नाही."

"मग कशी लागेल चव. थांब, गॅस बंद करून येते."

चाळीस मिनिटं बोललो. पैशांचा विषय निघाला तो महिन्याभराने, आणि तोवर धार गेली होती. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, हे मत्तयात पाचव्या अध्यायात आहे, सगळ्यांना पाठ आहे. माझी सूचना फक्त वेळेची आहे. हे काम 24 वर ढकलू नका. 24 ला कोणालाच वेळ नसतो, समोरचा पण घाईत "हो हो, हॅप्पी ख्रिसमस" म्हणून मोकळा होतो आणि आपल्याला वाटतं झालं. 15 च्या आसपास करा, म्हणजे बोलायला दिवस उरतात. आणि मोठं भाषण तयार करू नका, काहीतरी मागा. रेसिपी, साडीपिन, काहीही. आणि जिथे माणूस खरंच त्रास देणारा आहे, हात उचलणारा आहे, तिथे हे लागू नाही, तिथे लांबूनच प्रार्थना करा आणि त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

कॅथलिक मंडळी याच दिवसांत कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली द्यायला, जातात. शेवटच्या दोन दिवसांत रांगा लागतात, म्हणून आधीच्या आठवड्यात जाऊन या, फादरना पण बोलायला वेळ असतो.

17 ला दहा कुष्ठरोगी, एकच आभार मानायला परत येतो. त्या दिवशी वर्षभरात ज्यांनी मदत केली त्यांना मेसेज, फॉरवर्ड नाही, स्वतः टाईप केलेला. 19 ला जक्कय, चौपट परत करणारा. हा दिवस मी उधारीचा ठेवलाय. किराणावाल्याची वही, भिशीचा राहिलेला हप्ता, मैत्रिणीची दोन वर्षं पडलेली पातेली, घरकामाला येणाऱ्या ताईंचा बोनस. बोनस 24 ला देऊन उपयोग नाही, त्यांच्या घरी पण बाजार करायचा असतो. कपड्यांचं पण या सुमारासच संपवा, लक्ष्मी रोडला जायचं तर रविवार सोडून जा. आणि नवीन कपडे सगळ्यांना हवेतच असं नाही, असं मी म्हणते आणि दरवर्षी स्वतःला साडी घेते, ते जाऊ दे.

कॅरोलवाल्यांबद्दल. तरुण संघ येणार म्हणजे साडेआठची वेळ दिलेली असली तरी सव्वादहा धरा. चहाचं आधण तयार, चिवडा बाहेर, केक कापू नका नाहीतर 25 ला काही उरणार नाही. सोसायटीच्या चेअरमनना दोन दिवस आधी सांगा, आणि दहानंतर ढोलकी-गिटार बंद, नुसत्या टाळ्यांवर गाऊ दे. खरं तर तसंच चांगलं लागतं. आमच्याकडे एक तरी गाणं उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं, रेव्हरंड ना. वा. टिळकांचं घ्यायला लावते मी, पोरांना पाठ नसतं, मग आमचे सासरे होते तेव्हा ते एकटेच म्हणायचे आणि पोरं ध्रुवपदाला धरायची.

22 ला वाचताना बघा, प्रभू पेत्र आणि योहानाला पुढे पाठवतो की जेवणाची खोली तयार करा. म्हणजे तयारी करणाऱ्यांना पण त्याने निवडून पाठवलंय. त्या दिवशी मी अंथरुणं-पांघरुणं काढते, पाहुण्यांची. 23 ला वधस्तंभ येतो आणि लोकांना वाटतं नाताळ दोन दिवसांवर आलेला असताना हे काय. ज्यांच्या घरी त्या वर्षी कोणी गेलंय त्यांना विचारा. सासरे गेले त्या वर्षी हाच दिवस आम्हाला धरून होता. आम्ही कबरस्तानात जाऊन दगड धुतला, शेवंती ठेवली, आणि घरी येऊन त्यांच्या खुर्चीवर उगाच उशा टाकून ती जागा भरली नाही, रिकामीच ठेवली. घरात दुःख असेल तर लाईट कमी लावा, गाणी कमी लावा, नाताळ तेवढ्याने पण होतो. फराळ केला नाही तर पाप लागत नाही.

24 ला सकाळी शेवटचा अध्याय. अम्माऊसची वाट, दोन शिष्य आणि पुन्हा उठलेला प्रभू, संध्याकाळ होत आलीये, आमच्याकडे राहा म्हणून ते त्याला न ओळखताच थांबवतात आणि भाकर मोडताना ओळखतात. मग संध्याकाळी, सगळे आवरून बसले की पुन्हा दुसरा अध्याय मोठ्याने, घरातल्या सगळ्यात लहान वाचता येणाऱ्याकडून. उतारशाळेत जागा नव्हती इथपर्यंत आलं की आमच्याकडे बाळ गव्हाणीत ठेवतात आणि पांढरी मेणबत्ती पेटते. दुपारी चारनंतर किचन बंद, हा माझा कायदा. जे झालं ते झालं, नाही झालं ते नाही झालं. रात्रीचं जेवण म्हणजे खिचडी, लोणचं आणि पापड. हसू नका, याच्यामुळेच मी भक्तीत जागी असते. दुपारी एक तास झोप पण काढा.

देवळात जाताना स्वेटर, कानटोपी, मुलांसाठी शाल, कारण जागा नाही मिळाली तर बाहेर मांडवात बसावं लागतं आणि रात्री बाराला थंडी मी म्हणते. गाडी एकच न्या. मोबाईल सायलेंट नाही, बंद. वेळ पाळकांकडून नक्की करून घ्या, काही मंडळ्यांत भक्ती रात्री असते, काहींत 25 ला पहाटे. गेल्या वर्षी प्रभुभोजनाच्या रांगेत उभी होते तेव्हा पुढे जाऊबाई होत्या. त्यांनी मागे हात केला, मी धरला. करंज्या मोजल्या नाहीत.

25 ला काय करायचं ते सांगायला नको. ताटं सकाळी भक्ती झाल्यावर, ताटावर रुमाल घालून, मुलांच्या हातून पाठवा, मोठी माणसं दारात बोलत बसतात. आणि नाताळ 26 ला संपत नाही, 6 जानेवारीपर्यंत बारा दिवस चालतो, त्यामुळे ज्यांच्याकडे जायचं राहिलं त्यांच्याकडे त्या दिवसांत जा, तेव्हा लोक निवांत असतात. स्टार तोवर राहू दे. ज्ञानी 6 ला पोचतात, डाळीच्या डब्यातला पण. मग गोठा आवरायचा, मूर्ती एकेक जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, आणि गव्हाचं गवत फेकू नका, आमच्या मागच्या गल्लीत गोठा आहे, खराखुरा, मुलं परात घेऊन तिकडे जातात.